भिंतीवरचा समुद्र

महालक्ष्मीच्या देवळाची गोष्ट मुंबईकर अजून सांगतात. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधलं खिंडार बुजवायला घेतलं, तेव्हा बांध घालावा आणि लाटांनी तो पाडावा, असं चाललं होतं. मग पाठारे प्रभू समाजातल्या रामजी शिवजींच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती वर काढल्या आणि बांध टिकला. आख्यायिका बाजूला ठेवली तरी बांध खरा आहे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकिर्दीत सुरू झालेला आणि 1784च्या सुमारास पुरा झालेला हा ‘हॉर्नबी वेलार्ड’. बेटांमधल्या सखल भागात शिरणारं भरतीचं पाणी थांबलं आणि तिथे पुढे वस्ती उठली. मिळालेल्या जमिनीचा हिशेब झाला. खाऱ्या चिखलावर जगणाऱ्या निवट्या-चिंबोऱ्यांचा हिशेब मांडायची तेव्हा रीतच नव्हती.

पुढे बॅकबे. कापसाच्या तेजीत निघालेली भरावाची योजना 1865च्या मंदीत बुडाली. 1920च्या दशकात सरकारने ती पुन्हा हाती घेतली, तेव्हा तिच्यातल्या गैरकारभारावर खुर्शेद नरीमन यांनी रान उठवलं. मरीन ड्राइव्ह उभा राहिला तो याच भरावाच्या कडेला.

आज तिथल्या कठड्याखाली चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे पडलेले दिसतात. हे टेट्रापॉड 1950मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथल्या अभियंत्यांनी घडवले आणि कासाब्लांकाच्या एका वीजकेंद्रासाठी वापरले. युक्ती साधी आहे. ठोकळे एकमेकांत अडकून बसतात, लाट मधल्या फटींत शिरते, फुटते आणि तिचा जोर आतल्या आत जिरतो. त्याच फटींत खेकडे आसरा घेतात, ओल्या काँक्रीटवर बार्नेकल आणि कालवं बसतात. मग कुणीही म्हणावं, समुद्राला घर मिळालं की!

पण घर कोणाला मिळालं, ते पाहायला हवं. हाजी अलीच्या खडपांवर ओहोटीला गेलं की उत्तर सापडतं. खडप हळूहळू उतरत जातो. वर चिमुकल्या गोगलगायी, त्याखाली बार्नेकल, मग कालवं आणि अगदी खाली, क्वचितच उघड्या पडणाऱ्या पट्ट्यात समुद्रफुलं, स्पंज, प्रवाळ. मधल्या डबक्यांत पाणी साठून राहतं, म्हणून ऊन तापलं तरी माशांची पिल्लं तगतात. उभ्या भिंतीवर हाच सगळा पसारा पुरुषभर उंचीत आवळला जातो. डबकं नाही, सावली नाही. चिवट जीव तेवढे टिकतात, आणि कधी कधी परके. कॅरिबियन समुद्राकडचा एक छोटा शिंपला 1967मध्ये विशाखापट्टणम बंदरात आढळला, पुढे मुंबईच्या गोदीतही. जहाजांच्या बुडाला चिकटून आलेल्यांना बंदरातलं बांधकाम आयतंच सापडतं.

समुद्रात भराव घालून होणाऱ्या कोस्टल रोडचं काम 2018मध्ये सुरू झालं, तेव्हा जीवांचा हा हिशेब कागदावर आला. वन्यजीव कायद्याने प्रवाळांना वाघाइतकंच संरक्षण दिलं आहे. त्यामुळे भरावाच्या वाटेतल्या वरळी आणि हाजी अली इथल्या 18 प्रवाळ वसाहती 2020मध्ये अलगद काढून दुसरीकडे बसवल्या गेल्या. हे चांगलंच झालं. पण कायद्याच्या यादीत नसलेल्या कालवांना, समुद्रफुलांना कोणी हलवलं नाही. खडपांवरचं त्यांचं घर भरावाखाली गेलं.

वेगळी भिंत बांधता येते. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराने 2017मध्ये आपली समुद्रभिंत नव्याने बांधली, तेव्हा तिच्या अंगावर खाचा आणि कपारी ठेवल्या. सामन माशाची पिल्लं सावलीत शिरायला कचरतात, म्हणून वरच्या पदपथात काचेचे ठोकळे बसवून खाली उजेड सोडला. सिडनीत खडपाच्या आकाराच्या फरशा जुन्या भिंतींवर जडवल्या आहेत. मुंबईच्या कोस्टल रोडचा भराव मात्र लाट अडवण्याच्या हिशेबानेच रचला गेला. तो आणखी शंभर वर्षं तिथेच असणार, म्हणून ही चूक अधिक सलते.

वरळीच्या कोळ्यांनी याच रस्त्यावरून वेगळी लढाई लढली. पुलाच्या दोन खांबांतलं 60 मीटर अंतर होड्यांना धोक्याचं आहे, असं सांगत ते वर्षानुवर्षं अडून राहिले. अखेर 120 मीटरचा गाळा मान्य झाला. लाटा आणि वारं होडीला कसं ढकलतात, हे त्यांना ठाऊक होतं. खडपात कोण राहतं, हेही ठाऊक आहे. वरळीच्या बायका पिढ्यान् पिढ्या तिथेच कालवं काढत आल्या आहेत.