तारेचा कायदा आणि इंटरनेट

सन 1885. ग्रॅहॅम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळून नऊ वर्षं झाली होती. हर्ट्झने रेडिओलहरी प्रयोगशाळेत दाखवायला अजून अवकाश होता. त्या वर्षी ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात तारेचा कायदा केला.

'तार' म्हणजे काय हे सांगताना या कायद्याने केवळ कडकट्ट करणाऱ्या यंत्राचं वर्णन केलं नाही. वीज किंवा चुंबकत्व यांच्या साहाय्याने संदेश पाठवणारी, घेणारी साधनं त्याने व्याख्येत घेतली. म्हणजे व्याख्या यंत्रापेक्षा भौतिक घटनेचीच अधिक! त्यामुळे पुढे थोडीफार दुरुस्ती करत रेडिओ, मोबाईल आणि 1995 साली आपल्याकडे सर्वांना खुलं झालेलं इंटरनेटही त्यात बसलं. 2013 साली तारसेवा बंद झाली, तरी तारेचा कायदा चालूच राहिला.

पण व्याख्येबरोबर अधिकारही फुगत गेला. सार्वजनिक आणीबाणीत किंवा सुरक्षेसाठी संदेश अडवण्याची मुभा कलम 5 मध्ये होती. 1885 मध्ये अडायची ती तार. 2017 साली याच कायद्याखाली दूरसंचार सेवा तात्पुरती बंद करण्याचे नियम झाले. त्यांच्या आधारे एका आदेशाने अख्ख्या जिल्ह्याचं इंटरनेट थांबवता येई. त्याबरोबर बँकेचे व्यवहार आणि प्रवेशअर्जही. कायदा लिहिणाऱ्यांनी हे कल्पिलं असेल, असं आम्हाला वाटत नाही. जानेवारी 2020 मध्ये काश्मीरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही.

2023 साली संसदेने नवा दूरसंचार कायदा केला. जुनी व्याख्या गेली. संदेश अडवण्याचा आणि सेवा थांबवण्याचा अधिकार मात्र त्याच्या कलम 20 मध्ये आहे.