टिफ्रॅक ते ब्रेडबोर्ड: मुंबईतला बायनरी हातचा

संगणकात प्रत्यक्ष आकडेमोड करणारा भाग म्हणजे अंकगणित-तर्क एकक, रोजच्या बोलण्यात एएलयू. मुंबईत असे एकक आखून बांधण्याचे काम टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1955 च्या सुमारास सुरू झाले. रंगस्वामी नरसिंहन यांच्या गटाने आधी एक छोटे चाचणी यंत्र चालवून पाहिले. पूर्ण यंत्र 1960 मध्ये चालू झाले आणि 1962 मध्ये त्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले. सुमारे 2,700 निर्वात नलिकांचे हे यंत्र 40 बिटांच्या संख्या हाताळत असे. पुढचा टप्पा उपनगरातला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात 1969 मध्ये 12 बिटांचा टीडीसी-12 तयार झाला आणि या मालिकेचे उत्पादन हैदराबादच्या ईसीआयएलकडे गेले.

नलिका असोत वा ट्रान्झिस्टर, अडचण एकच: हातचा. उजवीकडच्या बिटाचा हातचा कळल्याशिवाय डावीकडच्या बिटाची बेरीज पक्की होत नाही, म्हणून बिट वाढले की वेळही वाढतो. 1970 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बाजारात आणलेल्या 74181 या आयसीमध्ये 4 बिटांचे अख्खे एकक मावले. तिच्या 4 बिटांच्या बेरजेला साधारण 24 नॅनोसेकंद लागतात. जोडीला हातचे आगाऊ काढणारी 74182 दिली, तर 16 बिटांची बेरीजही 36 मध्ये आटोपते.

ही विद्या प्रयोगशाळेच्या बाकावर आली ती अभियांत्रिकी महाविद्यालयांमुळे. अंधेरीचे सरदार पटेल महाविद्यालय 1962 चे. पण खरी वाढ 1983 नंतरची. वसंतदादा पाटील सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना वाट मोकळी केली आणि विद्याविहारला सोमय्या, वांद्र्याला शहानी, चेंबूरला विवेकानंद अशी महाविद्यालये उभी राहिली. सुट्या भागांसाठी मात्र लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच गाठावा लागे.

अभ्यासाला माल्विनोचे पुस्तक असे. त्यातल्या सॅप-1 या शिकाऊ संगणकाचे एकक 8 बिटांचे आणि फक्त बेरीज-वजाबाकी करणारे: 4 बिटांची बेरीज करणाऱ्या दोन 7483 आणि एक्स-ऑर गेटांच्या दोन 7486. तार्किक क्रिया त्यात नाहीत, तेव्हा काटेकोरपणे पाहता त्याला एएलयू म्हणणे जरा सढळपणाचेच. त्याची खुबी वजाबाकीत आहे. दुसऱ्या संख्येचा प्रत्येक बिट एक्स-ऑर गेटातून जातो. वजाबाकीची तार 1 केली की सगळे बिट उलटतात. तीच तार सर्वांत उजव्या बेरीजकाकडे हातचा म्हणूनही जाते. उलटलेले बिट अधिक 1 म्हणजे दोनचा पूरक, अर्थात ऋण संख्या. वजाबाकीसाठी वेगळे मंडल लागतच नाही.

जुळणीत फसवणारी गोष्ट साधी आहे. नेहमीच्या 16 पायांच्या आयसीला वीज 16 व्या पायावर आणि ग्राउंड 8 व्या पायावर असते. 7483 ला ती अनुक्रमे 5 व 12 वर द्यावी लागते. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास. 74181 ची तऱ्हा वेगळी: 24 पायांचे रुंद अंग ब्रेडबोर्डवर बसवले की तारांना भोके कमी उरतात. ती आता जुन्या साठ्यातूनच मिळते. 74283 मात्र अजून बनते, तिचे वीज-पायही नेहमीच्या जागी असतात; नव्याने जुळणी करणाऱ्याने तीच घ्यावी.