पफिनची चोच लाल कुणी केली?

पक्ष्याचा जरा बरा फोटो कुणाला दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला, "फोटोशॉप केलंस ना?" सूर असा, की जणू पकडलाच चोर! अशा मंडळींना मला शंभर-सव्वाशे वर्षं मागे, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर घेऊन जावंसं वाटतं.

ओरेगन राज्याच्या किनाऱ्यापासून जेमतेम अर्ध्या मैलावर समुद्रात तीन मोठे खडक उभे आहेत, थ्री आर्च रॉक्स. सगळं मिळून क्षेत्रफळ 15 एकरांच्या आसपास. उन्हाळ्यात तिथे समुद्रपक्ष्यांची वीण चालते. पफिन, पाणकावळे आणि हजारोंनी 'कॉमन मर' (हे पक्ष्याचं नाव आहे, शिवी नाही!). हा मर घरटं बांधण्याच्या भानगडीत पडतच नाही. उघड्या कातळावर एकच अंडं, एका टोकाला निमुळतं. 1900 च्या सुमाराला रविवारी हौशी लोक बोटीतून तिथे जायचे आणि या पक्ष्यांवर गोळ्या झाडायचे. पोटासाठी नाही, नुसती करमणूक म्हणून.

1903 साली विल्यम फिन्ली आणि हर्मन बोलमन हे दोघे मित्र होडीतून त्या खडकावर चढले आणि चक्क मुक्कामच ठोकला. फिन्ली तेव्हा 26 वर्षांचा, म्हणजे आपल्याच वयाचा. आधी हे दोघेही पक्ष्यांची अंडी आणि कातडी जमवायचे, कॅमेरा नंतर हातात आला. ओला, निसरडा कातळ, खाली लाटा आणि सोबत काचेच्या प्लेट्स. मेमरी कार्ड भरलं की आपण वैतागतो, इथे प्रत्येक फोटोमागे एक काच, आणि ती न फोडता खाली उतरवायची!

आता खरी गंमत. त्या काळच्या साध्या प्लेट्सना निळा रंग भरपूर दिसायचा, सुधारलेल्या प्लेट्सना थोडा हिरवाही, पण तांबडा जवळजवळ नाहीच. टफ्टेड पफिनची चोच विणीच्या दिवसांत भडक नारिंगी-लाल असते. प्लेटवर ती यायची काळपट, आणि निळं आकाश पांढरंफटक. म्हणजे हात न लावलेला फोटो तोच चुकीचा! ऑटोक्रोम ही रंगीत प्लेट 1907 साली बाजारात आली खरी, पण तिला भर उन्हातही सेकंदाच्या हिशेबात एक्स्पोजर द्यावं लागायचं. पक्षी काय पासपोर्ट फोटोला बसणार आहे थोडाच?

मग उपाय एकच, हाताने रंगवणं. निगेटिव्हवरून छोट्या काचेवर पॉझिटिव्ह छापायचा, त्यात बारीक ब्रशने पारदर्शक रंग भरायचे आणि मॅजिक लँटर्नने पडद्यावर टाकायचा. तळहाताएवढ्या काचेवरचा फराटा पडद्यावर भिंतभर दिसणार, आणि 'अनडू' नाही. फिन्लीच्या व्याख्यानांत अशा हाताने रंगवलेल्या स्लाइड्स असत. आता याला लबाडी म्हणायचं?

माझ्या मते लबाडी होते ती शटर दाबायच्या आधी. घरटं स्पष्ट दिसावं म्हणून आड येणाऱ्या फांद्या छाटायच्या, गवत बाजूला बांधायचं, हे प्रकार त्या काळीही चालायचे आणि आजही चालतात. फोटो अगदी 'ओरिजिनल', पण पिल्लावर ऊन आलं, शिकाऱ्याला वाट मोकळी झाली, ते फोटोत कुठे दिसतं? मरच्या बाबतीत तर फांदी छाटायचीही गरज नाही. माणूस जवळ गेला की सगळे एकदम उडतात, अंडी घरंगळतात, उरलेली गल पक्षी पळवतात. फिन्ली-बोलमन तिथे राहिले तेव्हा यातलं काहीच झालं नसेल असं मानणं भाबडेपणाचं आहे. बंदुकांपुढे ते नुकसान छोटं होतं, इतकंच म्हणता येईल.

असो. फोटोंनी काम मात्र चोख केलं. फिन्लीने ते राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्टना दाखवले आणि 14 ऑक्टोबर 1907 ला थ्री आर्च रॉक्स पक्ष्यांसाठी राखीव झाले. पॅसिफिक किनाऱ्यावरचं हे असं पहिलं ठिकाण.

आज त्या खडकांवर पाऊल टाकायला बंदी आहे. 1 मे ते 15 सप्टेंबर बोटीलाही 500 फुटांच्या आत जाता येत नाही. म्हणजे फिन्ली आणि बोलमन आज आले, तर त्यांनाही समोरच्या ओशनसाइड गावाच्या वाळूत ट्रायपॉड रोवून बसावं लागेल. भली मोठी लेन्स लावली तरी मध्ये अर्ध्या मैलाची दमट हवा, आणि पफिन म्हणजे फ्रेममधला एक ठिपका. पुढचं सगळं मग घरी येऊन, क्रॉप, कॉन्ट्रास्ट, धुकं काढणं आणि चोचीचा लाल जरासा वर.