रंभेचं औषध

'सत्याचे प्रयोग' हे आपल्याकडे बक्षीस समारंभात मिळतं आणि थेट कपाटात जातं. यंदा घरात दहावी आहे, म्हणून बाहेर काढलं. बाहेर काढलं ते चिरंजीवांसाठी, वाचत बसलो मीच :-)

१८८० च्या आसपासचं राजकोट. दिवाणांचा मुलगा शाळा सुटली की घराकडे पळत सुटायचा. का, तर वाटेत कोणी बोललं तर? थट्टा केली तर? रात्री भुतं, चोर, साप... खोलीत दिवा असल्याशिवाय झोप नाही. त्यातच तेराव्या वर्षी लग्न झालेलं. कस्तुरबा अंधारात बिनधास्त वावरायच्या, मग या नवऱ्याला आपली भीती सांगायचीही लाज. भीतीपेक्षा ही लाजच पोरांना जास्त पोखरते, असं मला वाटतं.

भीतीची ही गोष्ट ठाऊक होती एका मित्राला. तो म्हणाला, मी मटण खातो म्हणून मला साप-भुतांचं काही वाटत नाही. झालं! नदीकाठी लपूनछपून खाऊन झालं. रात्री वाटे, पोटात जिवंत बकरी ओरडतेय. धीर आला नाहीच, घरी खोटं बोलणं मात्र सुरू झालं. "मर्दासारखा वाग" हे औषध तेव्हाही असंच स्वस्त होतं. (आमच्याकडे ते फोनवरून येतं. मामालोक, हलकेच घ्या!)

त्याहून लहान असताना घरातल्या रंभा नावाच्या जुन्या बाईने भुताच्या भीतीवर रामनाम घ्यायला सांगितलं होतं. त्या वयात ते फार दिवस टिकलं नाही. पण गांधीजी एक फार मोलाचं सांगून जातात : त्यांचा विश्वास औषधापेक्षा रंभेवर जास्त होता.

या वाक्यापाशी मी अडकलो. आमचा मुलगा चाचणीच्या सकाळी पोट धरून बसतो, हात गार पडतात. समुपदेशकाकडे नेतो, त्याचा उपयोगही होतोय. पण रात्री अकराला त्याची रंभा कोण?

पंधराव्या वर्षी भावाच्या कड्यातलं सोनं चोरल्यावर मोहनला तोंडाने कबूल करणं जमेना, म्हणून त्याने चिठ्ठी लिहिली. आजारी वडिलांनी उठून ती वाचली, रडले, फाडली आणि पुन्हा आडवे झाले. एक शब्द नाही. हे वाचल्यापासून आमच्याकडेही चिठ्ठी चालते. फ्रिजवर लावायची, त्यावर लगेच प्रश्न विचारायचे नाहीत. बायकोला हे माझ्यापेक्षा बरं जमतं.

आणि घाई करू नये. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन आल्यावरही मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात हे उभे राहिले, डोकं गरगरलं, तोंडातून शब्द फुटेना. ममीबाईंचा खटला, फी ३० रुपये. दुसरा वकील करा म्हणाले आणि खाली बसले. आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण झालं ते १८९३ मध्ये, प्रिटोरियात.

ही कोर्टाची गोष्ट जेवताना मुलाला सांगितली. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग बाबा, फी परत दिली का?"

परत घ्या म्हणाले, असं सांगितलं. त्याने आणखी एक पोळी घेतली.