समास : पानाच्या कडेची जागा कुणाची?



इतिहासाच्या व्याख्यानमालेत तत्त्वज्ञानाच्या माणसाला बोलावलंत, हा तुमचा धीर मोठा. राजे, तह, लढाया यांच्यावर अधिकाराने बोलणारे लोक इथे येऊन गेलेले आहेत, त्या वाटेला मी जात नाही. माझा विषय मला नातीने दिला. चौथीत आहे ती. गृहपाठाला बसली की आधी पट्टी घेऊन पानाच्या डाव्या बाजूला लाल रेघ ओढते. परवा तिने विचारलं, "आजोबा, समास कशाला सोडायचा? एवढी जागा वाया जाते." मी म्हटलं, "बाईंना शेरा लिहायला नको का?" तर म्हणाली, "म्हणजे ती जागा बाईंची. पण वही तर माझी आहे!"

आता यावर काय बोलणार? मी चहा मागवला आणि वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना, कारण तो चौथीतला प्रश्न नाहीच. पानाच्या मधला भाग लेखकाचा, हे सगळ्यांना मान्य आहे. कडेची जागा कुणाची, यावर मात्र आपल्याकडे तीन-चारशे वर्षं ओढाताण चाललेली आहे. आणि तिचे बरेचसे पुरावे कुठे असावेत? आपल्या शेजारी, धुळ्यात.

आधी शब्दाचं बघा. मराठीत समास म्हणजे व्याकरणातला तत्पुरुष, द्वंद्व वगैरे. समास म्हणजे दासबोधातला अध्याय. वीस दशक, प्रत्येकात दहा, असे दोनशे समास. आणि समास म्हणजे पानाची मोकळी कड. गंमत अशी की दासबोधात एक समास असा आहे, ज्यात समास सोडायला सांगितलेलं आहे. एकोणिसाव्या दशकातला पहिला, लेखनक्रियानिरूपण. मोक्ष, माया, विवेक सांगणारा हा ग्रंथ तिथे अचानक बोरू कसा असावा, शाई कशी असावी, ओळी कशा सरळ याव्यात, काना-मात्रा कसे द्यावेत याच्यावर येतो. त्यात समर्थ म्हणतात की कागदाच्या सभोवती जागा सोडावी आणि अक्षर मध्ये लिहावं. का? तर कागद झडेल तेव्हा कड झडेल, अक्षराला धक्का लागणार नाही. म्हणजे समर्थांच्या लेखी समासाचा मालक कोण? काळ. झिजायला काहीतरी द्यावंच लागतं, म्हणून कड देऊन टाकायची आणि मधलं वाचवायचं.

त्याच समासात आणखी एक गोष्ट आहे, ती आमच्या वयाच्या लोकांसाठी. तरुणपणी हौसेने बारीक अक्षर काढाल तर म्हातारपणी ते कामाला येणार नाही, मध्यम काढा. माझ्या प्रबंधाच्या वेळची टिपणं मी आज भिंग घेऊन वाचतो. दासबोध तेव्हाही घरात होता, पण हा समास कोण वाचतो?

धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव, ज्यांना लोक नानासाहेब देव म्हणत, त्यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा काढली. मठामठांतून समर्थ संप्रदायाची बाडं गोळा केली. डोमगावच्या मठात कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत होती, तिच्यावरून त्यांनी १९०५ मध्ये दासबोध छापून काढला. ती हस्तलिखितं पुढे समर्थ वाग्देवता मंदिरात आली. त्याच धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी गेले आणि त्यांच्या मागे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. एका मध्यम गावात पोथ्यांची आणि दप्तरांची अशी दोन घरं! तुमच्यापैकी किती जण आत गेलेत, असं मी विचारत नाही. जळगावाहून एस.टी. दर थोड्या वेळाने आहे, एवढंच सांगतो.

पोथी ज्यांनी हातात घेतली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पानं सुटी, आडवी. खाली-वर लाकडी फळ्या, आणि सगळं बासनात बांधलेलं. 'बासनात गुंडाळून ठेवलं' हे आपण म्हणतो ते यावरून, फक्त पोथीच्या बाबतीत गुंडाळणं म्हणजे जपणं होतं. पाटीवर दोरे ताणून त्यावर कागद दाबला की ओळी उमटत. डावी-उजवीकडे बहुधा तांबड्या रेघा. मजकूर काळा, ओवीचे आकडे आणि 'इति' कधी हिंगुळाचे. समासात ग्रंथाच्या नावातली एक-दोन अक्षरं आणि पानाचा आकडा, कारण सुटी पानं वाऱ्याने उडाली तर लावायची कशी? चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ लावायची. 'हरताळ फासणे' तो हा. दुकानं बंद करायचा हरताळ वेगळा, तो 'हट्ट' म्हणजे बाजार यावरून आला. माझ्या वर्गातली मुलं दोन्हींची गल्लत करून मोठी सुंदर निबंधवाक्यं लिहीत. आणि एखादं अक्षर लिहायचं राहिलंच तर ओळीत कावळ्याच्या पायासारखी खूण, काकपद, करायची आणि राहिलेलं अक्षर समासात लिहायचं.

इथे समासाला दुसरा मालक मिळाला. काळाला दिलेली जागा चूक दुरुस्त करणाऱ्याची झाली.

शास्त्राच्या पोथ्यांत तर त्याहून पुढची व्यवस्था आहे. मूळ सूत्र किंवा श्लोक पानाच्या मधोमध ठसठशीत अक्षरात, आणि टीका वर आणि खाली बारीक अक्षरात. ही त्रिपाठी पोथी. टीका डाव्या-उजव्या समासातही उतरली की ती पंचपाठी. मी पहिल्यांदा असं पान बघितलं तेव्हा मला ते पान वाटलंच नाही, सभा वाटली. मध्ये एक म्हातारा दोन शब्द बोलून गप्प बसलेला, आणि चारी बाजूंनी लोक त्याचा अर्थ लावतायत. आपल्याकडचं तत्त्वज्ञान बरंचसं असंच घडलेलं आहे. आमच्या विषयात मध्यभागी बसलेल्यांपेक्षा कडेला बसलेल्यांनीच जास्त काम केलं, असं माझं मत आहे. व्याकरणवाले रागावतील, पण राहू द्या.

पण यात एक धोका आहे, आणि आजच्या विषयातला खरा पेच इथे आहे. पोथी घरातली आहे. वाचणाऱ्याला एका ओवीच्या शेजारी आपली एक ओवी सुचली, त्याने ती समासात लिहिली. प्रामाणिकपणे, आपल्यापुरती. पन्नास वर्षांनी त्या पोथीची नक्कल करायला दुसरा लेखक बसला. समासात एक ओवी दिसते. आता ही काय समजायची? आधीच्या लेखकाकडून राहिलेली, म्हणून कडेला लिहिलेली, की वाचकाने भर घातलेली? काकपद पुसट झालेलं. तो बिचारा जोखीम नको म्हणून ती ओवी आत घेतो. झालं, कड मध्यात आली. तिसऱ्या नकलेत तर शंका घ्यायलाही जागा उरत नाही. प्रक्षिप्त, प्रक्षिप्त म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो ते सगळंच लबाडीने घुसवलेलं नसतं, पुष्कळसं असं समासातून चालत आलेलं असतं.

ज्ञानेश्वरीचं हेच झालं होतं. तिच्या जन्मानंतर तीनशे वर्षांच्या आत एकनाथांना ती शुद्ध करायला बसावं लागलं. शके १५०६, म्हणजे १५८४. आणि काम झाल्यावर त्यांनी लिहून ठेवलं की यात कुणी आपली ओवी घालेल तर ती अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखी होईल. एकनाथ एरवी किती मवाळ माणूस! पण इथे सूर कडक आहे. १९०९ मध्ये राजवाड्यांनी ज्ञानेश्वरीची एक प्रत छापली, ती एकनाथांच्या आधीची असा त्यांचा दावा होता, आणि त्यावरून मोठा वाद झाला. वादात मी पडत नाही. मला त्यात दिसते ती एकच धडपड, मध्य कुठे संपतो आणि कड कुठे सुरू होते हे शोधण्याची.

कारकुनांनी हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. मोडी पत्रात कागद दुमडून डावीकडे समास ठेवत आणि जागा संपली की राहिलेला मजकूर तिथे चढवत. पण पत्र संपलं हे कसं कळणार? कुणी मागाहून दोन ओळी घातल्या तर? म्हणून 'लेखनसीमा'. शिवाजीमहाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' अशी लहान मुद्रा असते. इथे लिहिणं संपलं, पुढचा कागद कुणाचाही नाही. भक्त आपल्या ग्रंथावर असा शिक्का मारू शकत नाही, सरकार मारू शकतं.

मग छापखाना आला. गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाप्रेसवर १८३१ मध्ये पंचांग काढलं. १८३२ च्या 'दर्पण'मध्ये बाळशास्त्रींनी पान उभं चिरून एका रकान्यात इंग्रजी आणि एका रकान्यात मराठी दिलं. त्यातला कुठला रकाना मध्य आणि कुठला कड, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. छापण्याने एक मोठं काम केलं, हजार प्रती एकसारख्या झाल्या, नकलाकाराची चूक गेली. पण समासही लहान झाला, कारण कागदाला पैसे पडतात. टीका तळटिपेत गेली. आपल्या बहिणाबाईंची छापखान्यावरची कविता तुम्हाला माहीत आहे. कोरा कागद छापून शहाणा होतो, माणूस मात्र होता तसा वेडा राहतो, असा तिचा रोख आहे. आसोद्याच्या या बाईला अक्षर येत नव्हतं. तिच्या ओव्या दुसऱ्यांनी कागदावर उतरवल्या, तिला स्वतःचं पानच नव्हतं, तर समास कुठला?

आता थोडं घरचं सांगतो. आमच्या आजोबांचा छापील दासबोध होता. शेतकरी माणूस, एरंडोलकडचा. रोजच्या पारायणाच्या पोथीच्या समासात ते पेन्सिलीने लिहीत. ओवीचा अर्थ नाही. कुठल्या तिथीला पाऊस लागला, विहिरीचं पाणी कितीवर गेलं, कपाशी कुठे घातली, कुणाला काय झालं. लग्नं, बाळंतपणं, ज्वर. आमच्या घराण्याची दुसरी बखर नाही, एवढीच. पुस्तक खिळखिळं झालं म्हणून मी ते एका बाइंडरकडे दिलं. नोकरीत होतो, घाई होती, सांगायचं सुचलं नाही. त्याने काम चोख केलं. नवा पुठ्ठा, कापडी पाठ, आणि कडा खराब झाल्या होत्या म्हणून यंत्रावर तिन्ही बाजू कापून सरळ केल्या. पुस्तक घरी आणून उघडलं तर आजोबा अर्धे गेलेले होते. 'लीचा ताप उतर', 'स पाऊस नाही', 'चं लग्न ठर'. कुणाचं लग्न? तीन आत्या होत्या आम्हाला, विचारायला आता एकही नाही.

मी बाइंडरला बोललो नाही. काय बोलणार? त्याच्या दृष्टीने त्याने कोरा कागद कापला होता. दासबोधाचं एक अक्षर गेलेलं नव्हतं. समर्थांनी सांगितलं होतं तसंच झालं, कड गेली, मध्य राहिला. पण आमच्या घरात त्या पुस्तकाचा मध्य कुठला होता, हे कापणाऱ्याला कसं कळावं? जुने पोथीलेखक शेवटी लिहीत की पाठ, कंबर, मान मोडून हे लिहिलं आहे, याला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून सांभाळा, मूर्खाच्या हाती देऊ नका. मी सैल बांधणी दुरुस्त करायला गेलो आणि शेवटच्या कलमात सापडलो.

शेवटी अमळनेरचं सांगून थांबतो. १९१६ साली प्रतापशेठजींनी तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. आमच्या पिढीच्या तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला अमळनेर म्हणजे तीर्थ. पांडुरंग सदाशिव साने हा तरुण तिथे शिकायला आला, आणि त्यात मन रमेना म्हणून त्याच गावच्या शाळेत शिक्षक झाला, मग छात्रालयाचा प्रमुख. तिथल्या मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक सुरू केलं. दैनिक, मासिक नव्हे! संपादक, लेखक, जुळारी, सगळं एकच माणूस. पुढे त्यांनी 'विद्यार्थी' मासिक काढलं, १९३८ मध्ये 'काँग्रेस' साप्ताहिक, १९४८ मध्ये 'साधना'. त्यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला मात्र हाताने लिहिलेल्या त्या दैनिकाचा मोह जास्त. छापील अंकात फर्म्यात बसेल तेवढाच मजकूर, उरलेली ओळ खिळ्यांच्या हिशेबाने कापायची. हाताच्या पानाला तो जाच नाही. कविता लांबली तर लांबली, मध्येच चौकट आखावीशी वाटली तर आखली. ज्या माणसाचं पान, त्याचीच आखणी. आणि वाचणारी मुलं त्याच इमारतीत झोपणारी, नावानिशी माहीत असलेली. मोठ्या नियतकालिकांच्या इतिहासात अशा दैनिकाला दोन ओळी मिळतात, त्या इतिहासाच्या समासात म्हणा हवं तर.

अध्यक्ष घड्याळ बघतायत. एक विनंती करतो. तुमच्या घरी जुनी गुरुचरित्रं, शिवलीलामृतं, पंचांगं, हिशेबाच्या वह्या असतील. बांधायला द्याल तेव्हा आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, आणि बाइंडरला स्पष्ट सांगा, 'भाऊ, कडा कापायच्या नाहीत.' कागदावर लिहूनच द्या. नातीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तिने त्या लाल रेघेच्या डावीकडे मांजर काढलं होतं, आणि बाईंनी त्या मांजराच्या पोटावर सही करून ठेवली आहे.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.