आपल्या किनाऱ्याची ग्रीक ओळख

गेल्या पावसाळ्यात रोह्याला एका ख्रिस्ती कुटुंबाच्या भेटीला गेलो होतो. घरातला मुलगा महाविद्यालयात इतिहास शिकतो. कुठल्याशा विद्यापीठाला ग्रीक भाषा व संस्कृती शिकविण्यासाठी अंशकालीन शिक्षक हवा आहे, अशी जाहिरात त्याच्या वाचनात आली होती. "फादर, ग्रीक शिकायला येणार कोण? आणि तासिकेच्या पैशांवर शिकवणार तरी कोण?" असे त्याने मला विचारले. सेमिनरीत ग्रीक क्रियापदांची रूपे घोकताना आम्हालाही हाच प्रश्न पडत असे. त्या दिवशी मी दिलेले उत्तर मलाच अपुरे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

उत्तराचा आरंभ रोह्यातूनच करता येतो. गावाजवळून वाहणारी कुंडलिका रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते. रेवदंड्याला लागूनच चौल आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांचे वर्णन लिहून ठेवले. ते 'पेरिप्लस' या नावाने ओळखले जाते. कल्याणच्या दक्षिणेची बंदरे सांगताना तो आधी 'सेमुल्ला' आणि नंतर 'मांदागोरा' ही नावे घेतो. सेमुल्ला म्हणजे आपले चौल. मांदागोरा म्हणजे राजपुरीच्या खाडीवरील मांदाड, असे काही अभ्यासक मानतात. मांदाडजवळच्या कुडा लेण्यांतील शिलालेखांत मांदव कुळातील महाभोजांची नावे आहेत.

पुढे दुसऱ्या शतकात टॉलेमीने भूगोलाचा ग्रंथ लिहिला. 'सिमुल्ला' ह्या बंदराला तेथील रहिवासी 'तिमूल' म्हणतात, असे त्याने त्यात नमूद केले आहे. ही माहिती त्याला तिकडून आलेल्या लोकांकडून मिळाली होती. कान्हेरीच्या शिलालेखांत हेच नाव 'चेमुल' असे येते. आपल्या पूर्वजांच्या तोंडचा 'च' ग्रीक लिपीत मावेना, म्हणून कोणी त्याचा 'स' केला, कोणी 'त'. म्हणजे कोकणच्या बोलीचा एक उच्चार परक्या अक्षरांत अडकून राहिला आहे. तो मोकळा करायचा, तर मराठी, प्राकृत आणि ग्रीक ह्या तिन्ही भाषांची जाण असणारा माणूस लागतो. पेरिप्लसचे मॅक्‌क्रिंडलकृत इंग्रजी भाषांतर १८७९ साली निघाले. आपण बहुतेक जण आजही आपल्याच किनाऱ्याची ही जुनी ओळख इंग्रजीच्या खिडकीतून पाहतो.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही खांबांवर धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. बाजारात आपण ज्याला 'दाम' म्हणतो, त्याचे मूळ 'द्राख्मे' ह्या ग्रीक नाण्यात आहे. भूमितीतले 'केंद्र' आणि ज्योतिषातली 'होरा' हेही शब्द तिकडूनच आले. आपल्या श्रद्धेच्या भाषेत तर ग्रीक पदोपदी भेटते. 'ख्रिस्त' म्हणजे अभिषिक्त. 'इगर्जी' हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. परंतु त्याचे मूळ 'एक्लेसिया', म्हणजे अथेन्सच्या नागरिकांची सभा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वीच्या लॅटिन मिस्सातले 'किरिये एलेइसोन' आपल्या आजी-आजोबांना पाठ होते. त्यांना ते लॅटिन वाटे. प्रत्यक्षात ते ग्रीक होते.

शिकणार कोण, ह्या प्रश्नाचे उत्तर पंडिता रमाबाईंनी देऊन ठेवले आहे. १८८४ ते १८८६ ह्या काळात त्या इंग्लंडमधील चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात स्वतः शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीत होत्या. त्यांनी पुरुषांना शिकवावे की नाही, यावरून अँग्लिकन धर्माधिकाऱ्यांनी वाद घातला. इतक्या लहानशा अध्यापनालाही केवढा विरोध! पुढे केडगावला अनाथ मुली व विधवांचा मोठा संसार सांभाळत असताना, पन्नाशीच्या सुमारास त्यांनी ग्रीक आणि हिब्रू ह्या भाषांचा अभ्यास केला. साध्यासुध्या स्त्रियांना समजेल अशा मराठीत मूळ भाषांवरून बायबल आणावे, हा त्यांचा ध्यास होता. मुक्ती मिशनच्या छापखान्यात स्त्रियाच काम करीत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या; संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्यांचा पंथ वेगळा होता, परंतु ते ऋण आपल्यावरही आहे.

आणि शिकवणार कोण? दिमित्रिओस गालानोस हा अथेन्सचा तरुण १७८६ साली कोलकात्याला आला, तो तेथील ग्रीक व्यापाऱ्यांच्या मुलांचा मास्तर म्हणून. पुढे तो काशीला गेला, संस्कृत शिकला आणि सुमारे चाळीस वर्षे तेथेच राहिला. त्याने भगवद्‌गीतेचा ग्रीक अनुवाद केला. १८३३ साली काशीतच त्याचा अंत झाला. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात २००० साली ग्रीक अध्ययनाचे अध्यासन स्थापन झाले, त्याला त्याचेच नाव देण्यात आले. एका शिकवणीवाल्या मास्तराचे नाव अध्यासनाला लाभायला दोन शतके लागली.

ह्याचा अर्थ तासिकेवरच्या शिक्षकाला तुटपुंज्या मानधनावर राबवावे, असा कोणी काढू नये. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, ही तर प्रभूचीच शिकवण. विद्यापीठाने आठवड्याचे चार तास दिले, तर त्या तासांचा मान आणि मोबदलाही द्यावा. पण वर्गात दोनच विद्यार्थी आहेत म्हणून तो वर्ग बंद करू नये. त्या दोघांपैकी एखादा उद्या चौलच्या बंदरावर उभा राहून टॉलेमी मुळातून वाचील.

हे सारे त्या मुलाला सांगितले. नोकरीचे आश्वासन मी देऊ शकलो नाही. तरीही पुढच्या रविवारी मिस्सानंतर तो वही घेऊन आला. आम्ही आल्फापासून सुरुवात केली आहे.