बौद्धिक अक्षम प्रौढांचे व्यवसायशिक्षण

ज्या व्यक्तींची बौद्धिक वाढ जन्मतः किंवा बालपणीच्या काही कारणाने मर्यादित राहिली आहे, त्यांना प्रौढ वयात झेपेल असे उत्पादक काम शिकविण्याची पद्धती. बौद्धिक अक्षमतेबरोबरच स्वमग्नता, प्रमस्तिष्क अंगघात व बहुविकलांगता यांचाही विचार या शिक्षणात केला जातो. या सर्वांना मिळून विकासात्मक विकलांगता म्हणतात. मराठीत दीर्घकाळ ‘मतिमंद’ हा शब्द रूढ होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियमानंतर तो शासकीय लेखनातून मागे पडला. तथापि अनेक जुन्या संस्थांच्या नावांत तो अद्यापि आढळतो.

अशा व्यक्तींना शिकविता येते, हा विचारच मुळी अर्वाचीन आहे. फ्रान्समधील आव्हेराँच्या जंगलात सापडलेल्या मुलावर इतार या वैद्याने १८०० च्या सुमारास केलेले प्रयोग आणि त्याचा शिष्य सेगँ याचा १८४६ मधील ग्रंथ ही त्याची सुरुवात मानतात. पुढे शंभर वर्षे मात्र हा विचार मुलांपुरताच राहिला. प्रौढ म्हणजे सांभाळावयाची व्यक्ती, शिकवावयाची नव्हे, अशी समजूत होती. तिला पहिला धक्का १९५० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये बसला. टिझर्ड, ओकॉनर, क्लार्क व हर्मेलिन या मानसशास्त्रज्ञांनी रुग्णालयांत वर्षानुवर्षे राहिलेल्या प्रौढांना पुठ्ठ्याची खोकी घडी करण्यासारखी कारखान्यातील कामे शिकविली. प्रारंभी ही माणसे फारच मागे होती. परंतु सरावाने त्यांचा वेग सामान्य कामगारांच्या जवळपास गेला. पहिल्या दिवशीची गती पाहून अखेरची गती सांगता येत नाही, हा या प्रयोगांचा निष्कर्ष व्यवसायशिक्षणाचा पाया ठरला. अमेरिकेत मार्क गोल्ड याने १९७२ मध्ये सायकलच्या ब्रेकचे १५ सुटे भाग जोडण्याचे काम तीव्र अक्षमता असलेल्या व्यक्तींना शिकवून तोच निष्कर्ष अधिक ठामपणे मांडला. शिकणाऱ्यास आले नाही, तर शिकविण्याची रीत बदलली पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

भारतात ब्रिटिश अमदानीतील १९१२ च्या कायद्याने बौद्धिक अक्षम व्यक्तीस वेड्यांच्या व्याख्येतच घातले होते. हा घोटाळा कायद्यातून दूर होण्यास १९८७ चा मानसिक आरोग्य अधिनियम यावा लागला. त्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतून मतिमंदत्व स्पष्टपणे वगळले. संस्थात्मक कार्य त्यापूर्वीच सुरू झाले होते. मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटीने मानखुर्द येथे १९४१ मध्ये अशा मुलांसाठी निवासगृह काढले. १९४४ मध्ये जय वकील व त्यांचे पती होरमसजी यांनी आपल्या मुलीच्या निमित्ताने मुंबईत शाळा सुरू केली. पुण्यात ‘कामायनी’ (१९६४) व नासिक येथे रजनी लिमये यांची ‘प्रबोधिनी’ (१९७७) या संस्था निघाल्या. प्रबोधिनीच्या मुळाशीही एका आईची गरज होती. शाळांतील मुले मोठी झाली, तेव्हा पुढे काय, हा प्रश्न पालकांपुढे व म्हणून संस्थांपुढे उभा राहिला आणि शाळांना जोडून कार्यशाळा निघू लागल्या. व्यवसायशिक्षणाची योजना कोणी आधी आखली नव्हती. मुलांच्या वाढत्या वयाने ती भाग पाडली.

सिकंदराबाद येथे १९८४ मध्ये राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्था स्थापन झाली व तिने या विषयाचा स्वतंत्र पदविका अभ्यासक्रम तयार केला. त्यापूर्वीचे निदेशक बहुधा शिवणकाम, सुतारकाम किंवा विणकाम जाणणारे कारागीर असत आणि अक्षम व्यक्तींना कसे शिकवावे हे ते कामावरच शिकत. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमाने या क्षेत्रातील प्रशिक्षितांची नोंदणी सुरू केली.

निदेशकाचे काम बाहेरून साधे दिसते. प्रत्यक्षात ते फार चिकाटीचे असते. एखादे काम प्रथम लहान लहान पायऱ्यांत मोडावे लागते. कागदी पाकीट करावयाचे, तर कागद साच्यावर ठेवणे, एक कड दुमडणे, नखाने घडी पक्की करणे, खळ लावणे, दाबणे अशी प्रत्येक कृती वेगळी शिकवावी लागते. पुष्कळदा शेवटची पायरी आधी शिकवितात. निदेशक बाकीचे पाकीट करून देतो व शिकणाऱ्याकडून अखेरची घडी घालून घेतो. त्यामुळे पूर्ण झालेली वस्तू प्रत्येक वेळी त्याच्याच हातून बाहेर पडते. मग एकेक पायरी मागे जावयाचे. मोजता न येणाऱ्यास दहा खाचांची फळी देतात. प्रत्येक खाचेत एक मेणबत्ती बसली की दहा झाल्या. अंकज्ञान नसतानाही मालाची मोजदाद चुकत नाही. हात धरून करवून घेणे, मग केवळ बोट दाखविणे, मग नुसते सांगणे आणि अखेरीस गप्प राहणे, असा मदतीचा उतरता क्रम असतो. अनुभवी निदेशकासही शेवटची पायरी जड जाते. गप्प राहणे हे या व्यवसायातील सर्वांत अवघड कौशल्य म्हणावे लागेल. याखेरीज वेळेवर येणे, डबा खाणे, स्वच्छतागृहाचा वापर, पैशांची ओळख, परक्यास नाही म्हणणे हेही त्यालाच शिकवावे लागते.

महाराष्ट्रातील कार्यशाळांत खडू, मेणबत्त्या, फाइली, कागदी पिशव्या, पायपुसणी, राख्या, रंगविलेल्या पणत्या व उटणे असा माल तयार होतो. त्याची विक्री राखी पौर्णिमा व दिवाळी यांवर अवलंबून असते आणि ग्राहक सहसा दयाबुद्धीने घेतो. शिकणाऱ्यास मिळते ते वेतन नव्हे, तर विद्यावेतन. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमात अपंग कामगारांना त्या कायद्यातून सूट देण्याची मुभा शासनाला होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ति अधिनियमाने शासकीय नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखून ठेविल्या. परंतु त्या दृष्टी, श्रवण व हालचाल यांतील अपंगत्वापुरत्याच होत्या. बौद्धिक अक्षमता त्या अधिनियमात अपंगत्व म्हणून मान्य होती, नोकरीसाठी मात्र नाही. ही विसंगती २०१६ च्या अधिनियमाने दूर केली व बाजारपेठेशी संबंध ठेवून अशा व्यक्तींसाठी स्वतंत्र कौशल्यशिक्षण द्यावे, असेही सांगितले. कार्यशाळेत वेगळे बसविण्याऐवजी सर्वांच्या बरोबर कामाच्या जागीच शिकवावे, असा मतप्रवाह अमेरिकेत १९८० नंतर प्रबळ झाला. संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीने २०२२ मध्ये तोच आग्रह धरला. मुंबईत जुहू येथील ‘अर्पण’ हे २०१८ पासूनचे उपाहारगृह या दिशेचे उदाहरण आहे. मोठ्या शहराबाहेर मात्र तसे कामाचे ठिकाणच विरळा असते. तेथे कार्यशाळा बंद करणे म्हणजे माणूस पुन्हा घरात कोंडणे ठरण्याचा धोका आहे.

मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात हा प्रश्न अधिक बिकट होतो. हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. पुढेही मुंबई-पुण्याच्या मानाने येथे विशेष शिक्षण उशिरा पोहोचले. शेजारच्या लातूर जिल्ह्यात हरंगुळ येथे प्रमस्तिष्क अंगघातासाठी ‘संवेदना’, तर धाराशिव जिल्ह्यात आळणी येथे मुलींसाठी ‘स्वाधार’ असे प्रकल्प उभे राहिले आहेत. बालाघाटाच्या डोंगराळ, अवर्षणप्रवण गावांत बौद्धिक अक्षम माणूस पूर्वापार घरच्या कामात सामावला जाई. शेळ्या राखणे, पाणी भरणे, सरपण गोळा करणे ही कामे तो पाहूनपाहून शिके. निदेशकाच्या पायऱ्यांची पद्धत त्या घरांनी न नाव देता चालविली होती, असे म्हणता येईल. परंतु बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परतत नाहीत. मुकादमाची उचल नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे एका ‘कोयत्या’वर, मिळते. एकटा गडी ‘अर्धा कोयता’ गणला जातो. बौद्धिक अक्षम मुलगा किंवा मुलगी या हिशेबात अर्ध्यातही बसत नाही. बरोबर नेल्यास तो कोपी राखतो, पाणी आणतो, वाढ्यांच्या पेंढ्या बांधतो. मजुरी टनावर असल्याने त्याच्या श्रमाची वेगळी नोंद होत नाही. मागे ठेवल्यास त्याचा भार वृद्धांवर पडतो आणि विशेष शाळेत लागलेली शिस्त सहा महिन्यांत मोडते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत व २०२१ पासून संत भगवानबाबा यांच्या नावाची शासकीय वसतिगृह योजनाही आहे. परंतु त्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. मोफत शिक्षणाचा कायदेशीर हक्कही वयाच्या १८ व्या वर्षी संपतो. त्यापुढे निवासी कार्यशाळा हाच येथे व्यवहार्य मार्ग दिसतो. कारण ज्या काळात घर बंद असते, नेमक्या त्याच काळात शिक्षण चालू राहावे लागते.

अशा व्यक्तींची गणना करण्याचे कामही उशिरा सुरू झाले. १९८१ च्या जनगणनेत पूर्ण अंध, पंगू व मुके एवढ्यांचीच नोंद झाली. १९९१ मध्ये अपंगत्वाचा प्रश्नच नव्हता. २००१ मध्ये मानसिक असा एकच वर्ग होता. मतिमंदत्वाची स्वतंत्र नोंद प्रथम २०११ मध्ये झाली व देशात अशा व्यक्ती सु. १५ लाख आढळल्या. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. विशेष शाळा व कार्यशाळा यांचा कारभार आता त्याच्याकडे आहे.